आगकाड्या चालवणारा शास्त्रीपुत्र

एखादी लाडकी चित्रमालिका पडद्यावर आणणे हे मोठे जोखमीचे काम असते. पुस्तकातले पात्र वाचकाच्या मनात स्वतःच्या आवाजासह, चालीसह आधीच ठाण मांडून बसलेले असते. पडद्यावरचे पात्र त्याहून वेगळे चालले, की घरातले लहान पोरही नाक मुरडते. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांचा टिनटिन २०११ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी सचेतपटात आणला, तेव्हा हीच चर्चा झाली. पुढच्याच वर्षी 'अमर चित्र कथे'तले लव-कुश 'सन्स ऑफ राम' या सचेतपटातून मुलांसमोर आले, तेव्हाही तीच. परंतु घराघरांत पूजल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांना चालते-बोलते करण्याचा, निदान चालते करण्याचा, हा खटाटोप महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने करून पाहिला होता. त्यासाठी त्याने आयुर्विमा गहाण टाकला, पत्नीचे दागिने विकले आणि डोळे जवळपास गमावले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी आहे. काड्यापेटीतल्या काड्या नाचवणारे फाळके मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत.

त्यांच्यापुढे छापील चित्रमाला होती ती पुराणांची. तत्पूर्वी मराठी मुलखात राम, कृष्ण, हरिश्चंद्र पोहोचत ते कानांवाटे. अठराव्या शतकात बारामतीस कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी महाभारत आर्येत उतरवले आणि एकशे आठ रामायणे रचली. पुराणिकांनी आणि कीर्तनकारांनी ती रचना गावोगाव नेली. बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने तुकोबांची पालखी पंढरीस जाते, त्या वाटेवरच्या मुक्कामांतही या कथा ऐकू येत. डोळ्यांनी देव पाहायचा तो देवळात, किंवा चित्रकथ्याच्या पोथीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाने ही स्थिती पालटली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती यांची रंगीत चित्रे मध्यमवर्गीयांच्या माजघरात आणि शेतकऱ्याच्या कुडाच्या भिंतीवर एकाच वेळी लागली. देवांचे चेहरे ठरून गेले. पुढे फाळक्यांचा प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो हे चेहरे मनात घेऊनच.

धुंडिराज यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान, आणि मुलानेही शास्त्री व्हावे अशीच घरची अपेक्षा. वडिलांना मुंबईत विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले, घर मुंबईस आले आणि मुलाची पावले जे. जे. कलाशाळेकडे वळली. तेथून बडोद्याचे कलाभवन. चित्रकला, शिल्प, वास्तुकला, छायाचित्रण असे जे जे तेथे शिकवले जाई ते ते त्यांनी शिकून घेतले. ही सर्वसंचारी वृत्ती त्या काळच्या शहाण्या माणसांना धरसोड वाटली असणार. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल ओढून नेले. पुढे काही काळ ते जादूचे खेळही करीत, आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा झाले. हा तपशील केवळ गमतीचा नाही. प्रेक्षकाची नजर कोठे गुंतवावी आणि हात कोठे फिरवावा, हे त्यांना सिनेमाच्या आधी जादूने शिकवले.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयी पुढे येईलच. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी मिळाली. स्थिर पगार, सरकारी प्रतिष्ठा. परंतु वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ पेटली आणि फाळक्यांनी नोकरी सोडली. भांडारकर नावाच्या भागीदारासह त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. त्याचे मुख्य काम रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी प्रकाशचित्रणाच्या साह्याने शिळेवर चित्र उतरवून देण्याचे होते.

येथे क्षणभर थांबायला हवे. फाळक्यांचे चरित्र सांगताना छापखान्याची ही वर्षे सहसा दोन वाक्यांत उरकली जातात आणि चरित्रकार घाईघाईने १९११ च्या तंबूकडे धावतात. वास्तविक, पुढे जे घडले त्याचे मूळ याच वर्षांत आहे. रंगीत चित्र छापायचे म्हणजे ते आधी तोडायचे. एका चित्राचे रंगांनुसार वेगवेगळे ठसे पाडायचे, प्रत्येक ठसा आपापल्या रंगात त्याच कागदावर उमटवायचा, आणि एकही ठसा केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे. सिनेमातही हेच करायचे असते, फक्त रंगाऐवजी काळाचे तुकडे करायचे. एक हालचाल शेकडो चौकटींत तोडायची आणि त्या चौकटी एकमेकींवर अचूक बसतील अशा बेताने पुन्हा जोडायच्या. रविवर्म्यांच्या देवतांचे अवयव, वस्त्रे, छाया यांचे असे पृथक्करण फाळक्यांनी वर्षानुवर्षे केले. छापखाना पुढे दादरला आला, नवे भागीदार आले, त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले. यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी बिनसले आणि ज्या छापखान्यासाठी रात्रंदिवस खपले त्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळीस. संसार चालू, उत्पन्न बंद.

१९११ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, त्यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचा चमत्कार बोथट झाला आहे. तरीही हे ध्यानात घ्यावे की त्या तंबूतल्या प्रत्येक हिंदू प्रेक्षकाला कृष्ण आठवला असेल. कृष्णाला चालवण्यासाठी काय लागेल याचा हिशेब मात्र एकाच्याच डोक्यात सुरू झाला.

त्यानंतरचे महिने त्यांनी कोठे मिळेल तेथे चित्रपट पाहण्यात, लहानशा कॅमेऱ्याशी आणि प्रक्षेपकाशी झटापट करण्यात घालवले. दिवसाकाठी जेमतेम झोप आणि डोळ्यांवर अखंड ताण. अखेर दृष्टी जवळजवळ गेली. नेत्रवैद्याच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या जोड्यांनी ती कशीबशी परत आली. मग आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत ओळखपाळख नसताना जाऊन त्यांनी संपादकाशी स्नेह जोडला. त्यांच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहात काम पाहता आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी असा व्यवहार आटोपून दोन महिन्यांत ते परतले.

कॅमेरा आला, पण पैसा कोठे होता? धनिकांना विश्वास पटवण्यासाठी फाळक्यांनी जे केले ते भारतातले पहिले क्रमचित्रण म्हणावे लागेल. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का केला आणि रोज थोडी थोडी फिल्म टिपत राहिले. बीज रुजले, कोंब आला, वेल वर चढला. महिनाभराचे जगणे पडद्यावर एका मिनिटात उलगडले. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्राचे नाव. भांडवल देणाऱ्याने ते पाहिले आणि पैसे उभे राहिले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली. येथे नट नव्हता, नेपथ्य नव्हते, कथा नव्हती. हाताने फिरवायच्या यंत्राला दिवसाकाठी थोडेसेच फिरवायचे आणि उरलेला वेळ कळ काढायची, एवढेच तंत्र होते. कळ काढणे हेच सचेतपटाचे निम्मे काम असते, हे आज संगणकावर बसणारे कलावंतही मान्य करतील.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच्या निर्मितीची हकिगत २००९ साली परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटातून नव्या पिढीपर्यंत पोहोचली आहे. तिची पुनरुक्ती नको. स्त्रीभूमिकेस बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिताश्व झाला, एवढे सांगितले की पुरे. त्यातले दृश्यबंध मात्र पाहण्यासारखे आहेत. पात्रे ज्या रीतीने उभी राहतात, हात ज्या उंचीवर थांबतात, त्यावर भिंतीवरच्या छापील चित्रांची छाया स्पष्ट आहे. प्रेक्षक ओळखीचे चित्र पाहत आणि क्षणभराने ते चित्र पाऊल उचली.

पडद्यामागे सरस्वतीबाई होत्या. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालवली, फिल्म धुतली, आणि भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड परतवला. आजच्या श्रेयनामावलीत या कामांना चार-पाच वेगळी नावे असतात. तेव्हा ती एकाच बाईची घरकामे होती, आणि श्रेयनामावली नव्हतीच.

नाशिकला बिऱ्हाड हलवून फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' काढले. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले, तेथेच राहून भारतीय विषयांवर चित्रे काढावीत असा प्रस्तावही आला; तो त्यांनी नाकारला. एवढ्यात महायुद्ध भडकले. नाशिकला परतले तर भांडवलदारांनी हात आखडता घेतलेला, कर्ज वाढलेले, कच्ची फिल्म मिळणे मुश्कील. मोठे पौराणिक चित्र काढणे अशक्य होते.

अशा टंचाईत १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट निघाला. नट परवडत नाहीत तर काड्यापेटी उघडावी, इतका साधा विचार. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांना असेच नाचवले होते आणि फाळक्यांना ती कल्पना तिकडूनच मिळाली असावी, असे मानले जाते. कृती मात्र स्वतःच्या हाताने करायची होती. काड्या एका रचनेत मांडायच्या, एक चौकट टिपायची, कॅमेरा थांबवायचा; एक काडी गव्हाएवढी सरकवायची, पुन्हा एक चौकट. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे सोळा चौकटी धरला तर एका मिनिटासाठी नऊशे साठ वेळा हा खेळ करावा लागतो. मध्येच धक्का लागला, उजेड बदलला किंवा मोजणी चुकली, की सारे पहिल्यापासून. हे करणाऱ्या माणसाचे डोळे तीन वर्षांपूर्वीच जवळपास निकामी झाले होते, हे विसरता येत नाही. 'लक्ष्मीचा गालिचा', 'विचित्र शिल्प' अशी आणखी गमतीची चित्रे त्यांनी याच ओढीतून केली.

फाळक्यांनी हे सारे शून्यातून निर्माण केले, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासूनच 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ चालवले होते. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या, किंचित निराळ्या ढबीच्या काचा झपाट्याने बदलून ते पात्रांना हालचाल देत. लहानथोर प्रेक्षक चित्रांच्या हालचालीला सरावू लागले होते.

१९१७ च्या 'लंकादहना'ने फाळक्यांचे दिवस पालटले. साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमान आकाशात उडाला, समुद्र ओलांडला, लंका पेटली. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालू राहिले, पुण्यात गर्दीच्या रेट्याने दारे मोडायची वेळ आली आणि मद्रासेस जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशा हकिगती नोंदवल्या गेल्या आहेत. पडद्यावर राम दिसताच माणसे हात जोडीत. आजी, सून, नातवंडे असे अख्खे घर एका रांगेत बसून पाहत असलेले ते साहसपट होते. मुलांना मारुतीचे उड्डाण पाहायचे होते, आजीला दर्शन घ्यायचे होते. फाळक्यांनी दोघांची सोय एकाच तिकिटात केली.

१९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाला पडणारे दुःस्वप्न फाळक्यांनी दाखवले: त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगते, जिकडे पाहावे तिकडे कृष्ण. त्यासाठी एकाच फिल्मवर दोनदा, तीनदा चित्रण करावे लागे आणि कोठून फिल्म मागे फिरवली याचे भान हाताला ठेवावे लागे. हीच जुनी ठशावर ठसा बसवण्याची विद्या. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ही मुलगी प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. बापाने आपली युक्ती लपवली नाही, उलट तीच आधी दाखवली. जादूगार केळफा हे करण्यास धजावला नसता.

कीर्ती शिगेला असतानाच भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. हिशेब मागणारे भांडवलदार आणि हिशेब न मानणारा कलावंत, हे त्यांच्या आयुष्यात छापखान्यापासून चालत आलेले वैर होते. दोष एकाच बाजूला टाकता येणार नाही. ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, ते फारसे चालले नाही. १९२२ साली ते कंपनीत परतले, पण पूर्वीची सत्ता हाती राहिली नव्हती. तिकडे बोलपट आले. 'सेतुबंधन' मूक काढले होते, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला १९३७ साली 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट झाला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याच्या करामतींवर भर दिला. गंगा आकाशातून उतरली, परंतु प्रेक्षक आता संवाद आणि गाणी ऐकायला येत होता. तोवर पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा छोटा सचेतपटही करून पाहिला होता. मागची पिढी पुढे निघून गेली होती.

१९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. ज्यांनी या धंद्याचा पाया घातला त्यांची प्रकृती आणि मिळकत दोन्ही ढासळलेली होती. त्या वेळी व्यवसायबंधूंनी काही निधी जमवून दिला, त्यातून नाशिकच्या घराला आधार झाला. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. म्हाताऱ्या फाळक्यांनी तोही मागून पाहिला, नकार आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

सुमारे एकोणीस वर्षांत त्यांनी पंच्याण्णव चित्रपट आणि सव्वीस लघुपट केले असे मानले जाते. त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चित्रांचे तुकडे आज शिल्लक आहेत. तेही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी चिकाटीने गोळा केले म्हणून. त्या काळची नायट्रेट फिल्म स्वतःहून पेट घेऊ शकते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या फिल्मच्या कोठारास आग लागली आणि मूकपटांची मूळ रिळे भस्मसात झाली; प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या म्हणून त्यांतल्या काही चित्रांचे दर्शन अजून घडते. 'आगकाड्यांची मौज' मात्र त्यांत नाही. नऊशे साठ वेळा सरकवलेल्या त्या काड्यांचे काय झाले, हे सांगणारी एकही चौकट उरलेली नाही. 'कालियामर्दन' बराचसा उरला आहे. त्यात मंदाकिनी यमुनेत उडी घेते, काठावर गोप-गोपी आकांत करतात, आणि थोड्याच वेळात ती नागाच्या फण्यावर उभी राहते, हुबेहूब कॅलेंडरावरच्या चित्रासारखी, पण नाचत.